वाटीला वाटी

अनारसा तुपात सोडला आणि फुलायच्या ऐवजी त्याचा चुरा होऊन कढईभर तरंगायला लागला, की म्हणतात अनारसा हसला. हा शब्द कुणी काढला मला ठाऊक नाही. पण जिने काढला ती नक्की दुसरीच्या कढईत डोकावत उभी असणार. स्वतःच्या कढईत असं झालं तर कुणाला हसू सुचत नाही.

माझे अनारसे वर्षानुवर्षं हसले. दिवाळीला हसले, अधिक महिन्यात हसले, एकदा तर पाहुणे नको म्हणून भर दुपारी कडी लावून केले, तरी हसले. माझी मुलगी म्हणते, आई, विसर ना आता, म्हातारी झाली गं ती. ती म्हणजे माझी मोठी जाऊ. मी इथे त्यांना 'त्या' असंच लिहिणार, कारण वयाने मोठ्या आहेत. मनात काय म्हणते ते कागदावर नको.

माझं माहेर उरणच्या खाडीकडचं. वडिलांचं मिठागर. आमच्या घरात 'हाय' आणि 'नाय' बोलायचे, आणि सणाला तांदळाचं काहीतरी गोड व्हायचं, पण अनारसे मी लग्नाआधी कधी पाहिलेही नव्हते. लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा जाऊबाई त्या घरात आठ वर्षं जुन्या होत्या. दहावी झालेल्या, बाजारातल्या दुकानदाराची लेक, बोलणं स्वच्छ. मी पहिल्याच आठवड्यात "वैनी, मीठ कुठं हाय?" असं विचारलं, तर त्या सासूबाईंकडे बघून म्हणाल्या, "बघा, मिठागरातून आली तरी मीठ इथेच शोधतेय." सासूबाई हसल्या. मी पण हसले. नवी होते ना. आपल्यावर हसतात हे कळायलाही थोडे दिवस लागतात.

पण अनारशांत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मी आजही म्हणेन. जाळी अशी पडायची की आरपार बघावं. पहिल्या दिवाळीत मी मागे लागले, वहिनी, मला शिकवा. त्या म्हणाल्या, "त्यात शिकवायचं काय? तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. सावलीत पंच्यावर सुकवायचे, दमट असतानाच कुटायचे, चाळायचे. मग गूळ. वाटीला वाटी. झालं."

वाटीला वाटी. म्हणजे एक वाटी पिठाला एक वाटी गूळ. इतकं सोपं, की मी लिहूनही घेतलं नाही.

एक गोष्ट मात्र मला तेव्हा खटकली नाही, ती आज खटकते. पीठ मोजायची वेळ आली की घरात नेमकं काहीतरी कमी पडायचं. "जा गं, खसखस संपलीय, बाजारातून घेऊन ये." पुढच्या वर्षी तूप. त्याच्या पुढच्या वर्षी, "गच्चीवरचे कपडे काढ, वारा सुटलाय." मी परत येईपर्यंत पीठ-गूळ एकत्र मळून डब्यात दाबलेला. एकदाच मी लवकर आले. जाऊबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि वाटीतलं पीठ अंगठ्याने दाबत होत्या. दाबायच्या, वर पीठ घालायच्या, पुन्हा दाबायच्या. मला वाटलं, पीठ सांडू नये म्हणून. मला बघून त्यांनी वाटी पातेल्यात उपडी केली आणि म्हणाल्या, "आलीस पण?"

तो 'पण' माझ्या कानात आहे अजून.

पुढे मुलं मोठी झाली, घर पुरेना, आमची चूल वेगळी झाली. आम्ही पनवेलातच दोन गल्ल्या सोडून राहायला गेलो. निघताना जाऊबाईंनी मला स्टीलची एक वाटी दिली. जुनी, जाड, लग्नात आलेली, बाहेरून त्यांचं नाव घातलेलं. म्हणाल्या, "हीच वाटी ने. प्रमाण चुकणार नाही तुझं."

मी ती वाटी पदरात धरून आणली. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या. म्हटलं, बाई तोंडाने टोचते, पण मन मोठं आहे.

त्या दिवाळीत त्या वाटीने मोजून केले. गूळ छान किसून, पोकळी राहू नये म्हणून दाबून दाबून भरला. दाबून! मला वाटायचं, जास्त गोड ते जास्त चांगलं. पीठ मात्र वरून भुरभुरलं, हलक्या हाताने. पहिला अनारसा तुपात सोडला. हसला. दुसरा हसला. कढईत नुसता तपकिरी गाळ. जाऊबाई बघायला आल्या, चमच्याने गाळ ढवळला आणि म्हणाल्या, "प्रमाण बरोबर आहे गं. हाताला गुण लागतो याला. तुझा हात मिठाचा. मीठ पाणी सोडतं ना, तसं होतं."

आणि मी हे खरं मानलं! सांगायला लाज वाटते. सातवीपर्यंतच शिकले असले तरी इतकी काही खुळी नाही मी. पण वडिलांच्या हातांना मिठाने भेगा पडलेल्या मी पाहिलेल्या, मीठ हाडापर्यंत मुरतं असं आमच्याकडे म्हणायचेच. एका वर्षी लिंबाने हात घासून केले. एका वर्षी हातांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून गोळे वळले. आमचे हे दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "ऑपरेशन आहे का?" आणि मग तो हसलेला चुरा वाटीत घेऊन, दूध घालून, चमच्याने खात बसले. "मला असाच आवडतो," म्हणायचे. प्रत्येक वेळी खायचे. ते गेले, पण त्यांचं ते खोटं मला अजून पुरतंय.

खरी आग लागली ती मुलीच्या लग्नानंतर. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात. ताटात अनारसे, वर दिवा. आमच्यात ते आईने स्वतःच्या हाताने करायचे असतात. लग्नानंतरचा पहिला अधिक महिना, विहीणबाई, त्यांच्या दोन बहिणी, सगळ्या जेवायला आलेल्या. मी आदल्या दिवशी दोन किलोचे केले. एक उभा राहिला नाही. सकाळी रडून डोळे सुजलेले. जाऊबाई आल्या त्या हातात डबा घेऊनच. न सांगता तेहतीस करून आणले होते. जणू ठाऊकच होतं.

ताट वाढलं. सगळे वा वा करतायत. आणि जाऊबाई विहिणीला म्हणतात, "आमच्या धाकटीचे पण अनारसे असतात हं. फार हसरे. एकसारखे हसत असतात."

सगळं घर हसलं. विहीण तर पदर तोंडाला लावून हसली. माझी मुलगी, माझ्या पोटची, ती पण हसली.

तेव्हापासून दर अधिक महिन्याला तेहतीस अनारशांचा डबा जाऊबाईंकडून यायचा आणि त्याच्याबरोबर तो विनोदही. सात वेळा आला तो डबा. सात वेळा मी माझ्या जावयापुढे दुसरीच्या हाताचं ताट ठेवलं. जावई भला माणूस. ताट बघितलं की म्हणायचा, "वा, मोठ्या काकूंचे!"

यंदा आठवा अधिक महिना. जाऊबाई आता तळोज्याला मुलाकडे असतात, नव्या टॉवरमध्ये. कंपन्यांच्या वासाने खिडक्या बंद ठेवाव्या लागतात म्हणतात. गुडघे गेले, कवळीही नीट बसत नाही, त्यामुळे त्यांनी कळवलं की यंदा जमणार नाही. मुलीचा फोन आला. "आई, तू नको हं काही घाट घालूस. आपण ऑनलाइन मागवू. तेहतीसचा बॉक्सच मिळतो. आणि यांना नाही कळत काही."

मी म्हटलं, "मी करणार."

मग म्हणाली, "आई, अगं... बरं. पण मी बॉक्स सांगून ठेवते हं. असू दे."

असू दे! त्या 'असू दे'ने जे केलं ते जाऊबाईंच्या विनोदानेही केलं नव्हतं. त्या क्षणी मी ठरवलं. आपल्या हाताचे तेहतीस, नाहीतर यापुढे जावयाला पानावर बोलवायचं नाही.

आता मोबाईलवर बघून करायचं काही मला नवीन नव्हतं. माझ्याजवळ राहणाऱ्या नातीने फोन दिल्यापासून मी बरंच काही करून बघितलंय. कुकरमध्ये मीठ घालून त्यावर केक केला. बाई म्हणाली, शिट्टी काढा. मला वाटलं, शिट्टी काढायची म्हणजे वाजू द्यायची नाही, म्हणून मी गॅसच बंद केला. तो केक आम्ही पळीने खाल्ला. एकदा ढोकळ्यात 'एक कप' ताक सांगितलं, माझा कप म्हणजे कान तुटलेला मोठा चहाचा. ढोकळ्याचं पिठलं झालं. ते चांगलं लागलं, तो भाग वेगळा. आणि व्हिडिओतल्या बायका सारख्या घंटा दाबा, घंटा दाबा म्हणतात. मी पहिले दोन महिने समजत होते की देवासारखं आधी घंटा वाजवून मग रेसिपी सुरू करायची.

अनारशांसाठी मात्र मी फोनला तोंडाने विचारलं, "अनारसे हसतात, काय करू?" फोनने मला विनोदाचे व्हिडिओ दाखवले. एक माणूस बायकोचे कपडे घालून नाचत होता. मी म्हटलं, हा पण जाऊबाईंच्या बाजूचा दिसतोय.

मग नातीने बोटांनी लिहून शोधलं. पंचवीसेक व्हिडिओ निघाले. मी आठवडाभर बघत होते. कुणी कप म्हणते, कुणी 'आपल्या अंदाजाने', कुणी 'आवडीनुसार गूळ'. अगं, आवडीनुसार काय? मला आवडतो म्हणून तर बुडाले मी! शेवटी एक सापडली. तोंड दाखवत नाही, नुसते हात. बांगड्या हिरव्या, बोटावर भाजल्याचा डाग. बोलणं वऱ्हाडाकडचं असावं. ती सगळं ग्रॅममध्ये सांगत होती. पण मला तिच्या व्हिडिओपेक्षा त्याच्या खाली जे होतं ते जास्त भिडलं.

नात म्हणाली, "आजी, कॉमेंट्स वाच."

खाली बायकांनी लिहिलं होतं. ताई, माझे हसले. ताई, माझे पण हसले, काय चुकलं? ताई, सासूबाईंसमोर हसले हो. कुठल्या कुठल्या गावच्या, मी बोटाने सरकवत गेले, संपेनात. मी नातीला विचारलं, "या सगळ्या मिठागरातल्या का?"

ती म्हणाली, "काय?"

आणि त्यातच कुणा एका बाईने दुसरीला उत्तर दिलं होतं. एवढंच. वाटीने घेत असाल तर पीठ दाबून भरा, गूळ सैल ठेवा. उलटं झालं की गूळ जास्त होतो आणि हसतात. वजनाने घेतलंत तर प्रश्नच नाही.

पीठ दाबून. गूळ सैल.

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आणि मला तो अंगठा दिसला. पाठमोऱ्या जाऊबाई आणि वाटीत दाबणारा अंगठा. "आलीस पण?" खसखस, तूप, गच्चीवरचे कपडे, सगळं माळेसारखं ओळीने समोर आलं. त्यांनी मला एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. वाटीला वाटी, अगदी बरोबर. वाटीसुद्धा दिली, स्वतःच्या नावाची. फक्त दोन शब्द ठेवून घेतले.

नातीने विचारलं, "आजी, काय झालं? बीपीची गोळी देऊ?"

"नको," मी म्हटलं. "वजनाचा काटा मागव."

काटा आला दोन दिवसांत, बशीएवढा, वर काचेचा. मी ती स्टीलची वाटी काढली. आधी माझ्या पद्धतीने पीठ भुरभुरून वजन केलं, मग गूळ दाबून. गूळ जवळजवळ दुप्पट भरला. मग त्यांच्यासारखं, पीठ अंगठ्याने दाबून आणि गूळ नुसता सोडून. काट्यावर दोन्ही आकडे जवळजवळ शेजारी शेजारी आले. मी काट्यापुढे तशीच बसून राहिले. आमचे हे असते तर त्यांना दाखवलं असतं. बघा, माझा हात नव्हता. हात चांगला होता माझा.

राग यायला हवा होता, तो आलाच. पण त्याआधी एक विचित्र आनंद झाला. आता मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचं होतं, आणि काय करायचं ते मला वाटीकडे बघताच कळलं.

मी बाजारातल्या माझ्या नेहमीच्या दुकानातून जुना जाडा तांदूळ आणला. नवा नको, नवा चिकट होतो, हे हिरव्या बांगड्यांनी सांगितलं होतं. तीन दिवस भिजवला. रोज सकाळी पाणी बदललं. चौथ्या दिवशी यांच्या जुन्या पंच्यावर पंख्याखाली पसरला, हाताला जरा ओलसर लागतोय तोवर मिक्सरला काढला, बारीक चाळला. गूळ किसला. काट्यावर पीठ ठेवलं, काट्यावर गूळ ठेवला. मळून गोळे करून डब्यात दाबले.

मग दुसरा छोटा डबा काढला. त्यात जाऊबाईंच्या वाटीने घेतलं. वाटीला वाटी. पीठ भुरभुरून, गूळ दाबून. जसं मी इतकी वर्षं केलं तस्सं.

नात बघत होती. "आजी, हे का? हे बिघडणारच ना?"

"बिघडवायचंच आहे."

"कुणासाठी?"

"मोठ्या आजीसाठी."

नातीने माझ्याकडे बघितलं आणि मोबाईल खाली ठेवला. "आजी, तू डेंजर आहेस," म्हणाली. मला तो शब्द आवडला.

सहाव्या दिवशी तळायला बसले. पहिला गोळा खसखशीवर थापला, खसखस वरच्या बाजूला ठेवून तुपात सोडला. उलटायचा नसतो, झाऱ्याने वरून तूप उडवायचं. अनारसा जरा बुडाला, वर आला. मी म्हटलं, आता हस. हस बाबा, हस. तो हसला नाही. कडेने फुगला, मध्ये बारीक बारीक भोकं पडली, भोकं मोठी झाली, जाळी झाली. मी तो काढला, खिडकीकडे धरला आणि त्यातून समोरच्या इमारतीचे वाळत घातलेले कपडे बघितले.

तेहतीस झाले. वर सात झाले. एकही हसला नाही. मग दुसरा डबा उघडून तीन-चार मुद्दाम सोडले, ते क्षणात हसले. गाळ झाऱ्याने निथळून एका वाडग्यात काढला आणि झाकून ठेवला. कढई घासताना मी गाणं म्हणत होते, असं नात सांगते. मला आठवत नाही.

जावई जेवायला आला. मुलीच्या पिशवीत तो मागवलेला बॉक्स मला दिसला. मी ताट पुढे केलं, दिवा लावला, ओवाळलं. जावई ताटाकडे बघून सवयीने म्हणाला, "वा, मोठ्या काकूंचे?"

"खाऊन सांगा," मी म्हटलं.

त्याने तोडला. आवाज झाला, बारीक, कुरकुरीत. चावला. मग मुलीकडे बघितलं. "यंदा वेगळे आहेत गं. नेहमीपेक्षा चांगले. काकूंनी काही बदललं का?"

मुलीने एक घेतला, तोडला, आत बघितलं. मग माझ्याकडे. "आई?"

"हो," मी म्हटलं. "बॉक्स परत जातो का बघ."

ती रडली. मी नाही रडले. माझं अजून निम्मंच काम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षाने तळोज्याला गेले. पिशवीत एक डबा, डब्यात जाऊबाईंची वाटी, घासूनपुसून लख्ख, वर झाकण. भांडं कधी रिकामं परत करू नये असं आमच्याकडे मानतात. साखर घाला, तांदूळ घाला, काहीतरी घालून द्या. मी रिकामी नेली नव्हती.

जाऊबाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. खिडकी बंद. कवळी टीपॉयवर पेल्यात. बारीक झाल्यात खूप. मला बघून म्हणाल्या, "ये गं. लिफ्ट चालू होती का?" त्यांची सून चहा ठेवायला आत गेली. बँकेत असते ती, त्या दिवशी सुट्टी होती. चांगली मुलगी आहे, मला काकू म्हणते.

मी वाटी काढून त्यांच्या हातात दिली. "तुमची वाटी परत द्यायची राहिली होती, वहिनी."

त्यांनी आधी वाटीच्या बाहेरून अंगठा फिरवला, नावावरून. तोच अंगठा. मग झाकण उघडलं. आत तपकिरी चुरा.

मग म्हणाल्या, "हसले वाटतं."

"हसले तर. तुम्ही सांगितलं तस्संच केलं. वाटीला वाटी."

"आणि जावयाला?"

"जावयाला वजनाने केले. तेहतीसच्या तेहतीस उभे राहिले."

तेवढ्यात सून चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. "वजनाने म्हणजे काय काकू? अनारसे? मला पण सांगा ना. आईंनी सांगितलं वाटीला वाटी, दोनदा केले, दोन्हीदा हसले. आई म्हणाल्या माझ्या हाताला गुणच नाही, ऑफिसातला हात आहे. मी सोडूनच दिलं."

मी जाऊबाईंकडे बघितलं. ऑफिसातला हात! मला मिठाचा, तिला ऑफिसातला. प्रत्येकीला मापात बसेल असा हात त्यांनी शोधून ठेवला होता.

"बस," मी सुनेला म्हटलं. "कागद घे."

तिने लाइट बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं. मी सगळं सांगितलं. तांदूळ कुठला, किती दिवस, किती ग्रॅमला किती ग्रॅम. आणि वाटीने घ्यायचंच असेल तर पीठ दाबून, अंगठ्याने, असं. मी हवेत अंगठा दाबून दाखवला, जाऊबाईंकडे तोंड करून. "गूळ सैल. आणि हाताला गुण वगैरे काही नसतं. तुझा हात चांगला आहे."

जाऊबाई म्हणाल्या, "मला सासूबाईंनी तेवढंच सांगितलं होतं. वाटीला वाटी. दाबायचं माझं मी शोधलं. पाच वर्षं लागली मला. मी का सांगायचं?"

खरं असेल ते. सासूबाई तशाच होत्या. क्षणभर मला त्या पाच वर्षांतल्या जाऊबाई दिसल्याही, कढईपुढे बसलेल्या, एकट्या. मग मला विहिणीचा पदर दिसला.

"मला मोबाईलमधल्या एका बाईने सांगितलं," मी म्हटलं. "तिचं तोंडसुद्धा मी बघितलेलं नाही. तिचं माझं काय नातं होतं, वहिनी?"

सून पेन हातात धरून आमच्या दोघींकडे बघत राहिली. तिला किती कळलं माहीत नाही. बँकेत असते, हिशेब लागला असेल.

जाऊबाईंनी टीपॉयवरचा चमचा उचलला आणि वाटीतला चुरा खायला लागल्या. दात नाहीत ना, त्यांना तोच खाता येत होता. माझ्या लक्षातच आलं नव्हतं हे. मी त्यांना टोचावं म्हणून आणलेलं, आणि त्या हळूहळू, चवीने, आमचे हे खायचे तसं खात होत्या. वाटीच्या तळाला चमचा घासल्याचा आवाज येत होता. मला थोडं वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. मी चहा प्यायले, बिस्किट खाल्लं, आणि त्यांनी वाटी संपवेपर्यंत उठले नाही.

वाटी संपली तशा त्या सुनेला म्हणाल्या, "सैल म्हणजे किती सैल, ते विचार तिला. तिथेच चुकतात सगळ्या. ते मी दाखवीन तुला."

अजून! अजून एक चिमूट त्यांनी मुठीत ठेवलीच होती.

मी पिशवी उचलली. "ते काट्यावर दिसतं, वहिनी," मी म्हटलं. "त्यासाठी आता तुमची गरज नाही."

परतताना रिक्षात मी ते वाक्य स्वतःशी तीन-चार वेळा म्हणून बघितलं. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं, वाटलं असेल म्हातारी फोनवर बोलतेय. बघू दे. प्रत्येक वेळी तोंडात गोड लागत होतं.